गाठीखालचा घाव

बुंध्याशी बसलेला घाव म्हाताऱ्याने अंगठ्याने चाचपला, एकदा सुनेकडे पाहिलं आणि कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. थोरली सून हात पोटाशी धरून खाली बसली.

"किती वर्षं झाली तुला या घरात? अजून गाठ कळत नाही?"

"माती भुसभुशीत होती, आबा. कुऱ्हाड घसरली."

"कुऱ्हाड घसरत नाही. लक्ष घसरतं."

पलीकडे फांद्यांचे काटे तासत बसलेला धाकटा दीर मान वर न करता म्हणाला, "आबा, वहिनीचा हात मोडलात तर चूल तुम्हीच फुंका. जेवण जळेल, पण बिघडत नाही. जळलेलं विकायचाच आपला धंदा आहे."

थोरलीच्या नवऱ्याने पहार जमिनीत रोवली, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा पहार उपटली. बापासमोर तो बोलत नसे.

वेड्या बाभळीला जमिनीच्या जरासं खाली एक गाठ असते. खोड तिथे संपतं आणि मूळ सुरू होतं. गाठीच्या वर कितीही तोडा, झाड मरत नाही. उलट एका खोडाच्या जागी चार-पाच फुटतात, सरळ, मनगटाएवढे, कोळशाच्या भट्टीत उभे रचायला हवे तसे. गाठीखाली वीतभर खणून तोडलं तर मात्र ते झाड कायमचं गेलं. म्हाताऱ्याची सगळी विद्या त्या वीतभर जागेत होती. घाव गाठीच्या अगदी वर घालायचा, भोवतीची माती उकरून खड्डा केल्यासारखं दाखवायचं आणि मग गाठीवर माती लोटून पायाने दाबायची. वरून पाहणाऱ्याला झाड मुळासकट निघाल्यासारखं वाटे.

पाहणारी गावाची समिती होती. गायरानावर ही बाभूळ कुणीतरी सरपणासाठी आणून लावली, त्याला आता दोन पिढ्या झाल्या होत्या. तिने आधी गवत खाल्लं, मग ओढा, मग विहीर. समितीकडे पैसे नव्हते, म्हणून तिने करार केला होता. कोळसेवाल्यांनी झाडं मुळासकट काढायची, लाकूड त्यांचं. राहायला विहिरीजवळची जुनी पंपाची खोली. विहीर कोरडी पडल्यापासून ती रिकामीच होती. थोरलीच्या लग्नानंतरची ती पहिली खोली, जिला दार होतं. त्या दाराला आतून कडी होती. पहिल्या रात्री तिने ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली, तेव्हा नवरा म्हणाला होता, "झोप आता. कुठे पळून जात नाही ती."

मुळं खणायला दिवस जातो आणि मुळांचा कोळसा होत नाही. आणि समजा खणलीच सगळी, तर झाडं संपली, म्हणजे खोलीही संपली. नाही खणली आणि कुणाला कळलं, तरी खोली संपलीच. थोरली हे मनात उलटसुलट फिरवून पाही, आणि दोन्ही बाजूंनी ते सारखंच निघे.

*

पाणी आता दूधवाल्याच्या गोठ्यावरून आणावं लागे. त्याने खोल बोअर मारली होती. मनगट सुजलेलं, म्हणून त्या दुपारी ती एकच हंडा घेऊन गेली.

गोठ्याच्या टोकाला एक गाय पाय पोटाखाली घेऊन बसली होती. तिचा जबडा एका बाजूला लोंबत होता. जीभ बाहेर, तिच्यावर धूळ बसलेली. समोरचं टोपलं कुट्टीने भरलेलं होतं. गायीने तोंड घातलं, घास उचलला, दोनदा हलवला, आणि तो तसाच्या तसा खाली पडला.

"शेंगा," दूधवाला म्हणाला. कोपरापर्यंत त्याचा हात ओरबाडलेला होता, भिजवलेल्या पेंडीचे गोळे तो तिच्या घशात हाताने ढकलत होता. "गवत नाही म्हणून बाभळीच्या शेंगा खातात. गोड लागतात. दोन-तीन महिने मजा, मग जबडा सुटतो. पुढ्यात खायला असून उपाशी मरतात. ही तिसरी."

"औषध?"

"औषध कुऱ्हाड. तुमच्याकडे आहे." त्याने हात पेंडीच्या पिशवीला पुसला. "बरी आलीस ताई. जरा पाय धर."

"कुणाचे?"

"हिचे. बाहेर ओढायची आहे. इथे मेली तर बाकीच्या बुजतात, दूध चढवतात, सोडत नाहीत."

"अजून श्वास चालू आहे, भाऊ."

"उद्या नसेल. उद्या जड होईल."

त्याने मागच्या पायांना दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक टेंपोला. पाय एकमेकांत अडकू नयेत म्हणून थोरलीने ते चांगल्या हाताने धरून ठेवले. टेंपो हळू हलला, ती पाय धरूनच बरोबर चालली. गाय कुशीवर पडली, फरशीवरून घसरत दाराबाहेर गेली, आणि तिचं वाकडं तोंड उंबऱ्यावर आपटलं. आवाज काहीच आला नाही. हंबरायला जबडा लागतो.

माळाच्या कडेला दूधवाल्याने दोर सोडला. थोरलीच्या हातात अजून गायीचा खूर होता, तो गरम होता.

"एक विचारतो," तो म्हणाला. "ओढ्याकडची झाडं तुम्ही काढलीत. मेलीत ना ती?"

"मेलीत."

"मुळासकट?"

"खड्डे बघितलेत ना तुम्ही."

"खड्डे बघितले. म्हणून विचारतो." तो दोर गुंडाळत होता. "समितीत अर्ज-विनंत्या मला जमत नाहीत. ओढ्याकाठी पुन्हा बाभूळ दिसली तर मी सरळ तुमच्याकडे येणार. सांगून ठेवतो."

तिने हंडा भरून घेतला. घरी पोचेपर्यंत अर्धा सांडला होता.

*

"ओढ्याकडच्या बाभळी मारून टाकू," ती संध्याकाळी म्हणाली. म्हातारा भट्टीसाठी चिखलात वाळका पाला तुडवत होता, दोन्ही मुलगे लाकूड रचत होते. "वरच्या माळावर नुसता खडक आहे. तिथे बाभूळ काढली तरी गवत यायचं नाही. तिथल्या गाठी राखू. त्या फुटतील, आपण तोडू, पुन्हा फुटतील. खाली गवत येईल, ते गुरांना. मग आपल्याला कुणी का हाकलेल?"

"आणि खाली खणायची मजुरी?" म्हातारा म्हणाला.

थोरलीने घसरलेलं एक लाकूड उचलून नवऱ्याच्या हातात दिलं.

"बोल की. शहाणी आहेस ना? गवत त्यांचं, दूध त्यांचं, विहिरीचं पाणी त्यांचं. आणि पाठ कुणाची मोडणार?"

"आबा, तो दूधवाला येणार आहे. मी त्याच्या डोळ्यांत बघितलंय."

"डोळ्यांत बघत बसली होतीस होय?"

तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला. "तिचं खरं आहे, आबा. ओढ्याकडच्या खणू."

म्हाताऱ्याने हातातलं फावडं फिरवलं. ते नवऱ्याच्या पाठीत बसलं, तो रचलेल्या लाकडांवर तोंडावर आपटला. फावडं दुसऱ्यांदा उठलं तेव्हा मात्र त्याने वळून बापाचं मनगट पकडलं. कधी पकडलं नव्हतं. दोघे तसेच उभे राहिले, नवऱ्याच्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं, आणि मनगट हळूहळू पिळलं जात होतं. फावडं पडलं. म्हाताऱ्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला, आणि तो ऐकून नवऱ्यानेच घाबरून हात सोडला.

"तुझी आई कुठे पुरली ते आठवतं?" म्हातारा मनगट चोळत म्हणाला. "ते रान आपण मुळासकट साफ केलं होतं. एक गाठ ठेवली नव्हती मी, तेव्हा मीही इमानदार होतो. शाब्बास म्हणाले. आठवड्यात जागा खाली करा म्हणाले. ती तापाने फणफणत होती, तिला गाड्यावर घातली. रस्त्याच्या कडेला खड्डा खणला तो मीच. तो मात्र खोल खणला." तो चिखलात थुंकला. "तेव्हापासून मी मुळाला हात लावत नाही. तुम्ही खणा. फुकट खणा. भट्टी रिकामी राहिली तर मला विचारू नका."

धाकट्याने पडलेलं फावडं उचलून बापापासून लांब ठेवलं.

*

ती दोघं पहाटे उजाडताच ओढ्याकडे जाऊ लागली. दाबून बसवलेली माती उकरायची, गाठ मोकळी करायची, मग टिकावाने तिच्याखाली जायचं. जमीन भाजलेल्या विटेसारखी होती. टिकाव आदळला की थोरलीच्या मनगटातून कळ खांद्यापर्यंत जाई. मूळ नवऱ्याच्या मांडीएवढं जाड निघे आणि आत ओलं, लालसर. सगळं रान करपलेलं, आणि ते मूळ ओलं.

"हे बघ," नवरा एकदा म्हणाला. "हिने विहीर प्यायली ती इथे ठेवली आहे."

एका सकाळी काटा तिच्या चपलेतून आरपार तळव्यात गेला. नवऱ्याने तिचा पाय मांडीवर घेतला, दातांनी काटा ओढला. टोक आत राहिलं. ते काढायला त्याने विळ्याचं टोक घातलं तेव्हा तिने त्याच्या खांद्याला चावा घेतला, ओरडू नये म्हणून.

"खाऊ नकोस मला," तो म्हणाला. "एवढाच एक आहे तुला."

सकाळभरात एक झाड होई, कधी तेही नाही. दुपारी दोघांच्या हातांत जोर उरत नसे आणि माळावर लाकूड तोडायला म्हातारा आणि धाकटा दोघेच पुरत नसत. भट्टी अर्धी रचून पडली. कोळसा न्यायला येणारा व्यापारी रिकामा परत गेला आणि जाताना म्हणाला, पुढच्या खेपेलाही असंच असेल तर मी दुसरीकडे बघतो. त्या दिवशी नवऱ्याने टिकाव खांद्यावरून उतरवून भिंतीला लावला.

"भट्टी पेटू दे," तो म्हणाला. "मग पुन्हा खणू."

"तोवर फुटल्या तर?"

"पावसाशिवाय कशाला फुटतील?"

त्याने ते आपल्या समाधानासाठी म्हटलं होतं. त्यालाही माहीत होतं आणि तिलाही, की या झाडाला पाऊस लागत नाही.

*

भट्टी पेटली. लाकूड उभं रचून, वर पाला आणि चिखलाचा जाड लेप देऊन, वरच्या तोंडातून विस्तव सोडला होता. आत हवा मोजून जायला हवी. बुडाशी ठेवलेल्या भोकांतून जास्त गेली तर लाकडाची राख होते, कमी गेली तर ते कच्चं राहतं. म्हातारा धुराकडे बघून भोकं उघडी आणि बुजवी. पांढरा धूर पातळ होऊन निळा व्हायला लागला होता. याच वेळी लेपाला भेगा जातात, आणि वर चढून त्या लिंपाव्या लागतात. त्यासाठी म्हातारा आडवी फळी टाकून, तिच्यावर पोटावर सरकत जाई.

दूधवाला आला तो पायी, बरोबर दोन भाऊ. तिघांच्या हातांत टिकाव. एका खांद्यावर त्याने पोतं टाकलं होतं. भट्टीसमोर येऊन त्याने ते उपडं केलं. हिरव्यागार, कोवळ्या फांद्या पडल्या.

"मी नाही शोधल्या," तो थोरलीला म्हणाला. "गायींनी शोधल्या. सगळ्या रानात तेवढंच हिरवं होतं. मग मी खाली उकरलं." त्याचा आवाज शांत होता. "मेलीत म्हणालीस ना ताई? खूर हातात धरून म्हणालीस."

"आम्ही खणतोय, भाऊ. अर्ध्या काठावरच्या खणल्यात. येऊन बघा."

"बघितलं. बाकीच्या अर्ध्यावर माती कुणी दाबली?"

भट्टीवरून म्हातारा ओरडला, "तिला काय विचारतोस? मी दाबली. हात लाव बघू कुणाला लावतोस ते."

दूधवाल्याने माणसाला हात लावलाच नाही. त्याने टिकाव उचलला आणि भट्टीच्या बुडाशी असलेल्या भोकात घातला. लेपाचा मोठा तुकडा निखळला. आत लाल दिसलं.

"अरे, नको!" नवरा धावला. एका भावाने त्याच्या पोटात टिकावाचा दांडा खुपसला. तो दुमडला. दुसऱ्या बाजूचं भोक फुटलं. भट्टीने घशातून ओढल्यासारखी हवा ओढली, आणि वरच्या भेगेतून धुराऐवजी ज्वाळ आली.

धाकटा कुऱ्हाड घेऊन आला. आयुष्यभर तो बोलून निभावत आला होता. त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. कुऱ्हाड दूधवाल्याच्या डोक्यावर यायची ती कानावरून गेली. अर्धा कान मानेवर लोंबायला लागला. मग दोघा भावांनी धाकट्याला खाली पाडला, आणि एक त्याच्या छातीवर बसून तोंडावर मारत राहिला. दात मातीत पडले. थोरलीने त्या भावाचे केस मागून धरून ओढले, त्याने कोपर मारलं, ते तिच्या बरगडीत बसलं. तिचा श्वास कोंडला. गुडघ्यांवर पडूनही तिने केस सोडले नाहीत.

"भट्टी गेली!" वरून म्हातारा किंचाळला. त्याला मुलगे दिसत नव्हते, मारामारी दिसत नव्हती. त्याला ज्वाळ दिसत होती. चिखलाचं घमेलं घेऊन तो उभा राहिला, भेगेकडे दोन पावलं गेला. फळीवरून नाही, सरळ लेपावरून.

लेप वाकला. म्हातारा कमरेपर्यंत आत गेला.

मारणारे हात थांबले. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कुणालाच तो माणसाचा वाटला नाही.

थोरली सर्वांत आधी उठली. कोळसा ओढायचा लांब आकडा तिने उचलला, भट्टीच्या उतारावर फळी टाकली, आणि फळीवर पालथी पडून आकडा म्हाताऱ्याच्या काखेत अडकवला. एकट्या हाताने ओढवेना. मग तिच्या शेजारी कुणीतरी पालथं पडलं, त्याच्या मानेवरचं रक्त तिच्या हातावर गळत होतं. दूधवाला होता. दोघांनी ओढलं. म्हातारा बाहेर आला, पण पायांवरचं सगळं त्याच्याबरोबर आलं नाही.

त्यांनी त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलं. दूधवाला टेंपो आणायला धावला. पोट धरून नवरा तिच्याजवळ आला.

"मी येतो बरोबर."

"तू भट्टी बुजव," थोरली म्हणाली.

"अगं, आबा..."

"आबांजवळ मी आहे. भोकं बुजव, वर माती टाक. भट्टीची राख झाली तर आपण सगळेच गेलो. आणि त्याला पाणी पाज," तिने धाकट्याकडे बोट दाखवलं. तो मातीत बसून तोंडातून रक्त आणि दात काढत होता. छातीवर बसलेला भाऊ बाजूला उभा राहून आपल्या हातांकडे बघत होता. "तुम्हीही फावडं घ्या," ती त्याला म्हणाली. "फोडलीत तुम्ही, बुजवायला लागा."

त्याने फावडं घेतलं.

*

टेंपोत दुधाच्या कॅनांमध्ये म्हाताऱ्याला आडवं केलं. थोरली त्याच्या डोक्याशी बसली. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला रिकामे कॅन एकमेकांवर आदळत आणि म्हातारा ओरडे. पुढच्या आणि मागच्या भागामधली काच फुटलेली होती. तिला दूधवाल्याची मान दिसत होती. कानाला बांधलेलं फडकं लाल होऊन टपकत होतं.

"मला हे करायचं नव्हतं," तो म्हणाला. "ताई, ऐकतेस ना? भट्टी मोडायची होती फक्त. माणूस नाही."

"सगळ्या जिवंत आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"गाठी. आम्ही खणल्या तेवढ्या सोडून. ओढ्याकाठच्या, विहिरीजवळच्या, तुझ्या गोठ्यामागच्या. एकूण एक जिवंत आहे. कुठली कुठे ते मला माहीत आहे. आबांना माहीत आहे आणि मला."

म्हाताऱ्याचे डोळे उघडले.

"खणून दे मग," दूधवाला म्हणाला. "देवाशपथ, कुणाला काही सांगत नाही. खणून दे."

"मजुरी कोण देणार?"

"आत्ता? अगं बाई, मागे माणूस मरतोय आणि तू..."

"आत्ता तू घाबरलेला आहेस," थोरली म्हणाली. "उद्या नसशील. म्हणून आत्ताच बोल. गवत तुम्हा गुरंवाल्यांचं येणार. मग ओढ्याकडे खणायच्या दिवसाची मजुरी तुम्ही द्यायची. वरचा माळ आमचा, तिथल्या गाठींना कुणी हात लावायचा नाही. खोली आमच्याकडे राहील. समितीला तू सांगायचंस."

पोत्यातून एक हात वर आला. त्याची बोटं काळी पडलेली होती, तरी त्यांनी तिची वेणी नेमकी पकडली. तिचं डोकं म्हाताऱ्याच्या छातीवर खेचलं गेलं.

"विकलंस," म्हातारा तिच्या कानात म्हणाला. "माझ्या अंगावर बसून विकलंस." मग सगळा जीव एकवटून ओरडला, "गाडी थांबव!"

टेंपोचा वेग कमी झाला.

"थांबवू नकोस," ती त्याच्या छातीवरूनच म्हणाली. तोंडात जळक्या कापडाची चव आली. "दवाखाना येईपर्यंत थांबवायची नाही. हो म्हण."

"बाकीचे गुरंवाले काय म्हणतील ते मी कसं..."

"हो म्हण."

कॅन आदळले. म्हाताऱ्याने वेणी आणखी ओढली, कपाळाजवळचे केस मुळासकट उपटले गेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो," दूधवाला म्हणाला. मग मोठ्याने, "हो! हो म्हटलं ना!"

टेंपोने पुन्हा वेग घेतला. तिला वेणी सोडवून घेता आली असती, त्या बोटांत तेवढा जोर नव्हता. तिने ती तशीच राहू दिली. ओढ बसत होती तोवर म्हातारा जिवंत आहे हे तिला न बघता कळत होतं.

"दिवसाची किती?" तिने विचारलं.